शून्य नंबर कुणालाच नको होता

अबरार मुलाणीच्या एका सवयीनं मला अगदी जेरीस आणलं होतं. काहीही बिघडलं की तो आधी त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. पंखा बंद पडला, बसला बघत. ट्यूबलाइट लुकलुकायला लागली, मान वर करून बसला बघत. मी म्हणायचे, "अबरारभाई, नजरेनं पंखा फिरत नसतो." तो म्हणायचा, "थांबा की ताई, बंद का पडला ते तरी कळू द्या." बरं, एखादी गोष्ट आपली आपण सुरू झाली तरी हा खूश नाही. का सुरू झाली ते कळेपर्यंत त्याला घास गोड लागायचा नाही.

इंदापुरात एसटी स्टँडमागच्या बोळात त्याचं दुकान होतं, 'बेगम फोटो आणि कॉम्प्युटर'. बेगम त्याच्या आईचं नाव. नवरा गेल्यावर तिनंच स्टुडिओ चालवला होता, त्यामुळे पाटीवर नाव तिचंच, आणि कॉम्प्युटर आल्यावरही पाटीत फक्त पुढचे शब्द वाढले. मी तिथं कामाला होते. फोटो काढायचे, नावं टाईप करायची, गिऱ्हाईक अंगावर आलं की त्याला परतवायचं. हे शेवटचं काम मला चांगलं जमायचं.

अठ्ठ्याण्णव साली आम्हाला मोठं काम मिळालं. एका दूध संघाला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या सभासदांना फोटोची ओळखपत्रं द्यायची होती. जीपमध्ये कॉम्प्युटर, कॅमेरा आणि जनरेटर टाकून आम्ही गावोगाव जायचो. कॅमेऱ्यातून वायर थेट कॉम्प्युटरला. रोल नाही, निगेटिव्ह नाही. "रोल न्हाय, मग फोटू उतरतोय कशावर?" हे प्रत्येक गावात विचारलं जायचं आणि अबरार प्रत्येक गावात न कंटाळता समजावून सांगायचा. मी असते तर पाटीच लावली असती. परत आलं की दिवसभराचे फोटो दुकानातल्या मोठ्या मशीनमध्ये उतरवायचे आणि जीपमधला कॉम्प्युटर दुसऱ्या गावासाठी रिकामा करायचा.

या मोठ्या मशीनमधल्या डिस्का पुण्याहून जुन्या बाजारातून आणलेल्या होत्या. कुठली कधी मान टाकेल याचा भरवसा नव्हता. त्यावर अबरारनं तोड काढली होती. त्याच्याकडे एक फुकट मिळालेला प्रोग्राम होता. तो दोन डिस्कांवरच्या जागा एकमेकींना जोडायचा आणि एकच फोटो दोन्हीकडे लिहायचा. एक डिस्क मेली तरी दुसरी असते. या जोडीला आम्ही 'संच' म्हणायचो. प्रत्येक संचाला एक नंबर, आणि नंबर दिला की तो संच उघडतो. इतकं साधं होतं. खरं तर सगळ्या गावांना मिळून एकच मोठा संच पुरला असता.

पण संघाचे संचालक बसले अडून. निवडणूक तोंडावर होती आणि कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. आमच्या गावाचे सभासद दुसऱ्या गावात मिसळले तर? अबरार म्हणाला, प्रत्येक गावाचं वेगळं फोल्डर करतो. फोल्डर म्हणजे काय ते समजून घेऊन एक संचालक म्हणाले, "मंजी येकाच घरातल्या खोल्या की वो. आमाला घरच येगळं पायजे." मग काय, डिस्कांचे भावकीसारखे तुकडे पाडले आणि गावागणिक संच केला. जगात कुठं कुणी असं केलं नसेल. पण आमच्याकडे बांध घातल्याशिवाय माणसाला झोप येत नाही.

नंबर द्यायची वेळ आली तेव्हा दुसरी पंचाईत. प्रोग्राम शून्यापासून मोजायचा. पहिल्याच गावाच्या दूध सोसायटीचे चेअरमन सर्जेराव दुकानात बसलेले. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून दुकानात येतात. आपण त्याला एक नंबरचं गाव म्हणू. तर सर्जेराव खुर्चीतून उठलेच. "आमच्या गावाला भोपळा? मुलाणी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" त्यांना एक नंबर दिला. शून्य दुसऱ्या गावाला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मग अबरारनं विचारायचंच सोडलं. शून्याची जागा तशीच मोकळी राहिली.

एक नंबरच्या गावाला आम्ही गेलो तो दिवस मला चांगला आठवतो, तो गंगाराम आबांमुळे. आबा सत्तरीच्या घरातले, पांढरा सदरा, खिशाला पेन, घरी दोन जर्सी गाई. त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध घरांना गावच्या दूध सोसायटीत सभासद होण्यासाठी वर्षानुवर्षं टोलवलं होतं. नाही असं कुणी म्हणायचं नाही. "बघू पुढच्या मीटिंगला," इतकंच. शेवटी संघाकडूनच वरून आदेश आला आणि वस्तीची घरं सभासद झाली. फोटोच्या रांगेत कुणी कधी बसायचं ते सर्जेराव उभे राहून ठरवत होते. आधी गावठाण, मग मळे, मग वस्ती. आबा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते आणि त्यांचा नंबर ऊन कलल्यावर, अगदी शेवटी आला. जनरेटरचं डिझेल संपत आलं होतं, मी चिडलेली होते. आबा स्टुलावर बसले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, "पोरी, पेन दिसंल न्हवं फोटूत?"

"दिसेल आबा."

"मंग काढ. आता मी सोसायटीच्या सभंला बसनार. येकच इचारनार हाय. आमच्या वस्तीचं दूध रोज सगळ्यांच्या शेवटी का घेता? उन्हात हुबं ऱ्हाऊन नासतंय त्ये."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. मला मात्र संताप आला, आणि तो सर्जेरावांचा आला.

गावं वाढत गेली. पंधरा संच सुरळीत झाले. सोळाव्याला, म्हणजे पिंपळीला, प्रोग्रामनं हात वर केले. शून्य ते पंधरा, एवढेच नंबर त्याला माहीत होते. अबरार बघत बसला. सुदैवानं त्या प्रोग्रामचं पोट उघडं होतं, म्हणजे तो कसा लिहिलाय ते वाचता यायचं आणि बदलताही यायचं. अबरारनं वाचून वाचून ती मर्यादा शोधली आणि सोळाच्या जागी बत्तीस लिहिलं. पिंपळीचा सोळा नंबरचा संच झकास उघडला. फोटो गेले, परत उघडून बघितले, जागच्या जागी. मी म्हटलं, "आता तरी हसा." तो म्हणाला, "हसतो, पण येवढं सोपं कसं झालं?"

मग कऱ्हाटी आली, सतरा नंबर. अबरारनं संच सुरू करायला सांगितलं तर मशीन म्हणालं, आधीच सुरू आहे. तो गोंधळला. मला विचारलं, "ताई, मी काल केलावता का सुरू?" मी काय सांगणार, मला काल भाजी काय केली होती तेही आठवत नव्हतं. केला असेल, असं दोघांचं ठरलं. फोटो आपोआप एक, दोन, तीन अशा नंबरांनी आत जायचे, ते गेले. मशीननं तक्रार केली नाही.

ओळखपत्रं छापायला सुरुवात केली ती अर्थातच एक नंबरच्या गावापासून. तिथल्या सोसायटीची वार्षिक सभा रविवारी होती आणि ओळखपत्र असेल त्यालाच आत सोडायचं ठरलं होतं. पहिला कागद छापून आला. वर सर्जेरावांचं नाव, खाली त्यांचं गाव, आणि फोटोत नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली बाई. कऱ्हाटीच्या प्रयागबाई. मी ओळखलं, कारण फोटो काढताना त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या की डावीकडून काढ, उजवीकडचा दात पडलाय.

दुसऱ्या नावाला कऱ्हाटीचा पहिलवान, तिसऱ्याला कऱ्हाटीचे मास्तर. अबरारनं छपाई थांबवली. कऱ्हाटीचा संच उघडला, त्यात कऱ्हाटीचीच माणसं. एक नंबरचा उघडला, त्यातही कऱ्हाटीचीच. डिस्का वेगळ्या, जागा वेगळ्या, नंबर वेगळे, आणि माणसं तीच. वायरी काढून परत लावल्या. मशीन बंद करून चालू केलं. प्रयागबाई दोन्हीकडे आपल्या डाव्या बाजूनं बघत होत्या. "वेगळं घर पायजे म्हनले," अबरार पुटपुटला, "आन् हितं दोन गावं येकाच पाटावर जेवायला बसल्यात." दुसऱ्या डिस्कवर तरी जुने फोटो असतील म्हणून बघितलं. पण दुसऱ्या डिस्कनं इमानेइतबारे तीच चूक लिहून ठेवली होती.

सर्जेरावांना कळायचं ते कळलंच. ते दुकानात आले, कार्डावरच्या प्रयागबाईंकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा जो झाला तो फोटो काढून ठेवण्यासारखा होता. संघाच्या साहेबांनी फोनवरून हुकूम सोडला. शनिवारी गावात परत फोटो. जो येणार नाही त्याला कार्ड नाही आणि कार्ड नाही त्याला सभा नाही.

गुरुवारी आबा स्वतः इंदापूरला आले, एसटीनं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आबा, आता आलाच आहात तर इथंच बसा स्टुलावर. एका मिनिटाचं काम."

"न्हाय."

"अहो, फोटो गेलेत."

"माझं बसून झालंय," आबा म्हणाले. "सकाळपासून बसलोवतो. पोरी, मला समद्या जन्मात ह्येच सांगत आल्यात, परत या, पुन्यांदा या. सोसायटीत गेलो, परत या. तालुक्याला गेलो, परत या. न्हाय म्हनायचं तर तोंडावर न्हाय म्हना. व्हय म्हनायचं, आन् मानसाला बसायला जागा न्हाय. माझा फोटू तुमच्याकडं हाय. त्यो काढा."

मी वैतागून म्हटलं, तुमच्या हट्टापायी सभा जाईल, प्रश्न राहील, सर्जेरावांना तेच हवंय. हे पटत होतं त्यांना, दिसत होतं. तरी हलले नाहीत. उठले, "जयभीम" म्हणाले आणि स्टँडकडे गेले. मला इतकं वाईट वाटलं की मी पुढच्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसले. अबरार मात्र माझ्याकडे नाही, मशीनकडेही नाही, आबा बसले होते त्या बाकाकडे बघत होता.

"व्हय म्हनायचं, आन् बसायला जागा न्हाय," तो म्हणाला. "ताई, आपलं मशीन बी ह्येच करतंय का?"

मग त्यानं एक खुळा उद्योग केला. भिंतीवरचा आईचा फोटो कॅमेऱ्यानं काढून घेतला आणि बेगमबींना, फोटोला नंबर न देता नुसत्या नावानं, सतरा नंबरच्या संचात टाकलं. एक नंबर उघडला. बेगमबी तिथं हजर. बेगमबींना तिथून काढलं, सोळा नंबरात टाकलं, पिंपळीच्या माणसांत. आणि मग त्यानं कुणीच न घेतलेला शून्य नंबर उघडला. तिथं पिंपळीची सगळी माणसं बसलेली आणि त्यांच्या शेजारी बेगमबी.

मी म्हटलं, "मला काही कळत नाही, नीट सांगा."

त्यालाही नीट सांगता येत नव्हतं, तीनदा चुकला. शेवटी जे कळलं ते असं. मर्यादा दोन ठिकाणी लिहिलेली होती. एक त्या प्रोग्राममध्ये, जी त्यानं वाढवली. दुसरी खोल, मशीनच्या गाभ्यात, जिची त्याला कल्पनाच नव्हती. वरचा सोळा म्हणाला की आतला परत पहिल्यापासून मोजायचा. सोळा म्हणजे शून्य, सतरा म्हणजे एक. शून्यावर एखादं गाव असतं तर पिंपळीच्याच वेळी बोंब झाली असती. पण भोपळा कुणालाच नको होता, म्हणून पिंपळी गुपचूप त्या रिकाम्या जागेत जाऊन बसली आणि आम्हाला वाटलं, काम झालं. कऱ्हाटी मात्र थेट सर्जेरावांच्या मांडीवर.

"म्हणजे फोटो गेलेच," मी म्हटलं.

अबरार हळूच म्हणाला, "कऱ्हाटीचे सभासद किती?" आणि उत्तराची वाट न बघता एक नंबरचा संच उघडून एकेक फोटो पुढे ढकलायला लागला. प्रयागबाई, पहिलवान, मास्तर, कऱ्हाटी, कऱ्हाटी, नुसती कऱ्हाटी. मला कंटाळा आला. मी चहा सांगायला उठले, तेवढ्यात त्याचा हात थांबला.

कऱ्हाटी संपली होती. त्या गावाचे सभासदच कमी होते. जितके फोटो आले तितकेच जुने पुसले गेले, पुढच्यांना धक्का लागला नव्हता. आणि पुढे कोण होतं? सगळी वस्ती होती. गावठाण पुसलं गेलं, मळे पुसले गेले, आणि ज्यांना शेवटी बसवलं ते सगळे जागच्या जागी. अगदी शेवटच्या फोटोत गंगाराम आबा, पांढरा सदरा, आणि खिशाला पेन.

मी रडले. का ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

अबरारनं आतल्या जागीसुद्धा मर्यादा वाढवली, कऱ्हाटीला तिचं स्वतःचं घर दिलं आणि पिंपळीला शून्यातून उठवलं, अर्थात पिंपळीला न कळवता. आणखी एक बदल केला. यापुढे नंबर बसत नसेल तर प्रोग्राम गुपचूप होय म्हणणार नाही, पडद्यावर सरळ लिहील, या नंबराला जागा नाही. मी म्हटलं, एवढ्यासाठी जागलात? तो म्हणाला, "न्हाय म्हनायचं तर तोंडावर म्हनावं."

शनिवारी आम्ही जीप घेऊन गेलो. गावठाण आणि मळे शाळेच्या व्हरांड्यात परत रांगेला लागले, सर्जेराव सगळ्यांत पुढे, घाम पुसत. वस्तीची कार्डं छापून तयार होती, पण आबा तेव्हा मुलीकडे गेलेले. त्यांचं कार्ड अबरारनं खिशात ठेवलं.

रविवारी कार्डं तपासायला आम्हाला सभेच्या दारात बसवलं होतं. सतरंज्या अजून टाकायच्या होत्या, पहिल्या ओळीच्या खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या, पंच मंडळींसाठी. आबा आले. कार्ड नाही हे ठाऊक असूनही आले होते, तोच सदरा घालून. अबरारनं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. आबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, अंगठ्यानं पेनाच्या जागी पुसलं.

अबरारला राहवेना. आनंदानं त्यांना सगळं सांगायला लागला, शून्य, सोळा, कऱ्हाटी, दोन जागी लिहिलेली मर्यादा. आबांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यांनी पुरं ऐकून घेतलं.

"मंजी आमाला शेवटी बसवलं म्हनून आमी ऱ्हायलो, असं म्हन्तोस?"

"व्हय आबा!" अबरार म्हणाला. "बगा की कसं झालं! पयले समदे पुसलं, तुमी न्हाय."

आबांनी कार्ड खिशात ठेवलं, पेनाच्या मागे. अबरारच्या खांद्यावर हात ठेवला.

"लय चांगलं झालं, पोरा," ते म्हणाले. "तरीबी मला पयलं बसायचं व्हतं."

आणि आत जाऊन ते पहिल्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीवर बसले.